सुतळीला बांधलेलं पेन

नमस्कार मंडळी, कसे आहात, बरे ना? हे बघा हातात काय आहे. पेन. दहा रुपयांचं. हॉस्पिटलात जंतू कसे फिरतात ते आज बघूया आणि सुरुवात ह्याच्यापासूनच करायचीय, का ते सांगतो.

गेल्या जुलैत माझी आत्ते अंगणात शेवाळावरून घसरली, खुबा मोडला, आमच्या रत्नागिरीकडच्या एका खाजगी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. मी चार रात्री सोबतीला, आणि मी पडलो लॅब टेक्निशियन, त्यामुळे झोप येईना तेव्हा नुसता बघत बसायचो की कोण कशाला हात लावतंय.

काउंटरवर पेन सुतळीने बांधलेलं. टोपण कधीच गेलेलं, मागचं टोक चावून चावून पांढरं झालेलं. तापाचा पेशंट, ड्रेसिंगला आलेला, कडेवर खोकणारं पोर घेतलेली बाई, सगळ्यांची सही त्याच पेनाने. आणि फरशी दिवसातून तीनदा फिनेलने पुसतायत! अहो, फरशीला हात लावतो कोण?

स्टॅफिलोकोकस ऑरियस म्हणून एक जंतू आहे, साधारण तीनातल्या एका माणसाच्या नाकात तो गपचूप राहतो, त्रास काही देत नाही. पण तोच बोटावरून पेनावर, पेनावरून दुसऱ्याच्या बोटावर आणि तिथून टाक्यांपर्यंत गेला की जखमेत पू. कोरड्या वस्तूवर तो कित्येक दिवस, कधी कधी महिनेसुद्धा तग धरतो. घरी आपली कातडी शाबूत असते म्हणून चालून जातं, इथे पेशंटला सलाईनची सुई, लघवीची नळी, ताजे टाके... दारं सगळी उघडीच.

आता बीपीचा पट्टा. सहा खाटांना एकच. मी उलटून बघितला तर आतली बाजू घामाने काळपट, आणि ती करकर वाजणारी चिकटपट्टी असते ना, त्यात केस नि दोरे अडकलेले. स्टेथोस्कोपची तबकडी स्पिरिटच्या बोळ्याने पाच सेकंदात पुसून होते, पण कापडी पट्टा कोण धुणार, आणि धुतला तरी आमच्याकडे जुलैत वाळणार कधी? पुसता येणारा रेक्झिनसारखा पट्टा घ्यावा हे बरं. ब्रिटनमध्ये 2007 साली सरकारनेच जाहीर केलं की पेशंट तपासताना डॉक्टरांनी लांब बाह्या, घड्याळ, टाय घालायचा नाही. कोकणातल्या घामात टाय घालतोय कोण म्हणा, पण घड्याळं आहेतच.

आणि आपण! अख्खी वाडी बघायला येते, पेजेचा डबा, शहाळं, बूड थेट पेशंटच्या खाटेवर, नि मोबाईल फिरतोय ह्या हातातून त्या हातात, मुंबईहून व्हिडिओ कॉल आलेला असतो ना. मी माझाच मोबाईल लॅबमध्ये अगारच्या प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या बशीवर, टेकवला, रात्रभर 37 डिग्रीला ठेवली, सकाळी पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी! घाबरू नका, त्यातले बहुतेक आपल्या कातडीवरचेच साधे जंतू होते, पण वाट तीच, उद्या तिच्यावरून वाईट जंतूही जाईल.

पुसायला अल्कोहोल 70 टक्केवालं घ्या, त्यातलं पाणी लागतंच, शुद्ध अल्कोहोल उलट कमी चालतं आणि उडूनही पटकन जातं. फोनवर फवारू नका, फडक्यावर घेऊन पुसा. हाताला सॅनिटायझर चोळताना 20 ते 30 सेकंद, साबण असेल तर 40 ते 60, आणि जुलाबाचा पेशंट असेल तर साबणच, कारण जुलाबाच्या काही जंतूंना सॅनिटायझर काही करत नाही. ग्लोव्हज घालून दाराची कडी, फोन, मग परत पेशंट, हे मी स्वतः बघितलंय, त्यात ग्लोव्हज फक्त घालणाऱ्याला वाचवतात.

तर डिस्चार्जच्या दिवशी मी खिशातलं हे माझं पेन काढलं, सही केली, परत खिशात टाकलं. काउंटरवरच्या ताई ओरडल्या, "ओ दादा, पेन ठेवा इथे, म्हणून तर सुतळी बांधावी लागते आम्हाला!"