चित्राच्या मागची प्रार्थना

मंडळी, विषय ठरलाय तो कॅथलिक श्रद्धा शिकायची तर खात्रीची साधनं कोणती, हा. पण एका प्रार्थनेची गोष्ट सांगितल्याशिवाय मला त्यात शिरताच येत नाही.

‘हे प्रभो, मला तुझ्या शांतीचं साधन कर.’ कोणाची प्रार्थना? बघा, पाच-सहा जण एकदमच म्हणाले, असिसीकर संत फ्रान्सिसची! धर्मशिक्षणाच्या वर्गात मीही वर्षानुवर्षं हेच सांगत होतो. एके रविवारी एका मुलीनं विचारलं, “सर, हे त्यांनी कुठे लिहिलंय?” म्हटलं, पुढच्या रविवारी सांगतो.

फ्रान्सिसचं लेखन तसं थोडकंच. नियमावल्या, पत्रं, मृत्युपत्र, काही प्रार्थना, ते सुंदर सूर्यस्तोत्र. एका पुस्तकात मावतं. आठवडाभर बसून सगळं वाचलं. (सूर्यस्तोत्र तर दोनदा. तुम्हीही वाचा, त्यात अग्नी भाऊ आहे आणि पाणी बहीण.) पण ही प्रार्थना कुठेच नाही. फ्रान्सिस वारले १२२६ साली. प्रार्थना पहिल्यांदा छापलेली सापडते ती १९१२ साली, पॅरिसच्या ‘ला क्लोशेत’ या छोट्याशा मासिकात, फ्रेंचमध्ये, खाली कोणाचंही नाव नसताना. मध्ये जवळजवळ सातशे वर्षं गेलेली! पुढे कोणीतरी ती फ्रान्सिसचं चित्र असलेल्या कार्डाच्या पाठीवर छापली. पुढे संत, मागे प्रार्थना. कार्ड उलटणाऱ्यानं दोन्ही आपोआप जोडलं. यात कोणी कोणाला फसवायला निघालं नव्हतं, आणि मला हीच गोष्ट सर्वांत जास्त लागली. भल्या माणसांच्या हातून, भक्तीपोटी, चूक जगभर गेली. त्या भल्या माणसांत मीही होतो.

रविवारी वर्गात सांगितलं, मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. ती मुलगी म्हणाली, “मग आता म्हणायची नाही?” म्हटलं, म्हणायची, रोज म्हणायची. खाली फ्रान्सिसचं नाव तेवढं लिहायचं नाही.

आज ते कार्ड मोबाइलवर येतं. ‘पोप म्हणाले’ एवढंच असतं. कधी? कोणत्या पत्रात, कोणत्या प्रवचनात? पत्ता नाही.

अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत, तेव्हा भराभर सांगतो. घरात बायबलशेजारी ‘कॅटेकिझम’, म्हणजे कॅथलिक शिकवणुकीचा अधिकृत ग्रंथ, ठेवा. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली तो ख्रिस्तसभेला दिला. श्रद्धा, संस्कार, आचरण, प्रार्थना असे चार भाग आणि २८६५ क्रमांकित परिच्छेद. खाली टिपा असतात, त्या तुम्हाला बायबलकडे, धर्मपरिषदांकडे, आद्य आचार्यांकडे नेतात. एवढं झेपत नसेल तर २००५ सालचा संक्षेप घ्या, त्यात ५९८ प्रश्नोत्तरं आहेत. आपली प्रत कधीची, हेही पाहा. देहदंडाविषयीचा २२६७वा परिच्छेद २०१८ साली बदलला, जुन्या प्रतीत तो जुनाच मिळेल.

पुस्तकावरच्या ‘इंप्रिमातुर’चा अर्थ एवढाच, की छापायला धर्माधिकाऱ्यांची परवानगी आहे, श्रद्धा आणि नीती यांना बाध येत नाही. आतल्या प्रत्येक ऐतिहासिक तपशिलाची ती हमी नव्हे. खासगी साक्षात्कारांसाठी ६७वा परिच्छेद वाचा: मान्यता मिळालेले साक्षात्कारसुद्धा श्रद्धेच्या ठेव्यात, म्हणजे ख्रिस्ताकडून आलेल्या मूळ शिकवणुकीत, भर घालत नाहीत. आणि वजन ओळखा. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे सोळा दस्तऐवज वेगळे आणि पोपनी विमानात पत्रकाराला दिलेलं उत्तर वेगळं.

एक चिठ्ठी आली आहे. ‘मरियेचा निष्कलंक गर्भसंभव म्हणजे येशूचा कुमारीपोटी जन्म ना?’ नाही. तो खुद्द मरियेविषयी आहे: आईच्या उदरात आल्या क्षणापासून तिला मूळ पापाचा, म्हणजे आदामापासून माणसाला जन्मतःच लागलेल्या पापाचा, स्पर्श झाला नाही. पोप पायस नववे यांनी १८५४ साली हा धर्मसिद्धांत जाहीर केला. पण माझ्या शब्दावर थांबू नका. ४९० ते ४९३ हे परिच्छेद आज रात्री काढा, खालच्या टिपांसकट. कुमारीपोटी जन्माचं त्यापुढे, ४९६पासून आहे.