फियाट, तिची अर्थिंगची पट्टी आणि जुना बाजार

श्रोतेहो, नमस्कार.

ज्यांच्या दारात अजून फियाट उभी आहे, त्यांच्यासाठी आजचं बोलणं. कागदावर प्रीमियर पद्मिनी, पण घरोघरी ती फियाटच. कुर्ल्याच्या कारखान्यात 1974 पासून ती पद्मिनी नावानं तयार होत होती. 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या. माझ्यासारख्याला त्या दिवशी वाईट वाटलं, ते आठवणींपेक्षा पार्टसाठी. टॅक्सीवाल्यांना रोज काहीतरी लागायचं, म्हणून दुकानात माल असायचा. आता तो माल शोधावा लागतो. आणि म्हणूनच चुकीचा पार्ट बदलणं आपल्याला परवडत नाही.

आमची गाडी 1982 सालची, वडिलांनी घेतलेली. मागच्या पावसाळ्यात सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, मारला की इंजिन जेमतेम अर्धा फेरा घ्यायचं आणि थांबायचं. बॅटरी नवी होती. गॅरेजमध्ये सांगितलं, सेल्फ गेलाय, दुसरा बघा. तो मिळवण्यात तीन आठवडे गेले. बसवला, तर पुन्हा तेच. चार-पाच वेळा सेल्फ मारून झाल्यावर मी चोक ढकलायला हात घातला आणि बोटांना चटका बसला. चोकची तार तापली होती!

त्या चटक्यानं खरं कारण सांगितलं. फियाटचं इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याच्या तारांची वेणीसारखी विणलेली एक पट्टी असते, तीच अर्थिंगची पट्टी. सेल्फला लागणारा शे-दीडशे अँपिअरचा करंट बॅटरीकडे परततो तो ह्या पट्टीतून. आमची पट्टी आतून हिरवी पडून कुजली होती. मग करंटानं मिळेल ती वाट धरली, आणि मिळाली ती चोकची बारीक तार. पट्टी बदलली, बोल्टाखालचा गंज आणि रंग पॉलिश पेपरनं पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासला. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली, आणि तीही जुन्याच सेल्फवर, कारण मी तो परत बसवला होता.

हे तुम्हीही तपासू शकता. साधा मल्टीमीटर घ्या, डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर, लाल पिन थेट इंजिनच्या लोखंडावर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा पाव व्होल्टच्या आसपास राहिला तर अर्थिंग ठीक. अर्धा, एक व्होल्ट दिसला तर दोष तिथेच आहे. बॅटरीही बघून घ्या. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट हवेत, आणि सेल्फ फिरताना साडेनऊच्या खाली जाऊ नयेत.

एखादा फ्यूज सारखा उडत असेल तर त्याच्या जागी जाड वायर घालू नका. कळकळीनं सांगतो, गाड्या ह्यानंच पेटतात. फ्यूजच्या जागी बारा व्होल्टचा एक बल्ब जोडा. शॉर्ट असेल तोवर तो झगझगीत पेटेल. मग त्या लाइनवरचे दिवे, हॉर्न, वायपर एकेक करून सोडवत जा. ज्या क्षणी बल्ब मंदावतो किंवा विझतो, त्या क्षणी हातात असलेली वायर गुन्हेगार.

बॅटरी चार्ज करायला डायनॅमो असलेल्या गाड्यांबद्दल एक. स्लो चालताना चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणला तर घाबरू नका, डायनॅमो कमी फेऱ्यांवर पुरेसं चार्ज करत नाही. रेस वाढवूनही तो विझला नाही, तर आधी बेल्ट बघा, मग कार्बन ब्रश, मग कट-आउट, म्हणजे डायनॅमो बॅटरीला जोडणारा-तोडणारा स्विच.

आता पार्ट. मुंबईत ऑपेरा हाउसची दुकानं आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. पण त्याआधी स्वतःला विचारा, हा पार्ट खरंच बदलायचा आहे का? डायनॅमो आणि सेल्फ ही उघडून दुरुस्त होणारी यंत्रं आहेत. ब्रश, बुश बदलता येतात, आर्मेचर, म्हणजे आतला तारा गुंडाळलेला फिरता भाग, रिवाइंड करून मिळतं. जुनं जड तांबं टाकून हलका डुप्लिकेट घेण्यापेक्षा मी दहापैकी नऊ वेळा रिवाइंडिंगवाल्याकडे जाईन.

दुकानात जाताना जुना पार्ट पिशवीत घेऊनच जा. फोटोवर भागत नाही. शाफ्टचे दात, बोल्टांमधलं अंतर, वायर अडकवायची पट्टी, हे सगळं शेजारी शेजारी ठेवूनच जुळवायचं. बॉडीवर कोरलेला नंबर वाचण्यासाठी रॉकेलचा बोळा फिरवा. प्लगला ठिणगी देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे कंडेन्सर आणि पॉइंट मात्र मिळतील तेव्हा दोन-दोन घेऊन ठेवा. गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड झाली की निमूट चालू होते, ही तक्रार पुष्कळदा त्या छोट्या कंडेन्सरची असते.

आणि जुन्या बाजारात जाल तेव्हा मल्टीमीटर खिशात असू द्या. हॉर्नची कॉइल, बल्बचं होल्डर, स्विच, सगळं तिथेच उभ्या उभ्या तपासता येतं. विकणारे नाही म्हणत नाहीत. मला तर एकानं स्वतःचा पाटही सरकवून दिला होता, बसून बघा म्हणाला.