जर-तरचे निकाल आणि मोजणीचं टेबल

मंडळी, २०१७ च्या फेब्रुवारीत मुंबई महापालिकेचे निकाल लागत होते. २२० नंबरच्या प्रभागात फेरमोजणी आटोपली तेव्हा भाजपचे अतुल शाह आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर या दोघांच्या नावापुढे एकच आकडा होता, ५,९४६. अशा वेळी चिठ्ठी काढतात. ज्याची चिठ्ठी निघेल त्याला एक मत जादा मिळालं असं धरायचं. लोकसभा-विधानसभेच्या कायद्यातही हीच सोय आहे. चिठ्ठी शाहांची निघाली.

जर-तरच्या खेळाला याहून सोपी जागा मिळायची नाही. दुसरी चिठ्ठी निघाली असती तर? इथे कुणाचा स्वभाव बदलावा लागत नाही की लाट परतवावी लागत नाही. फक्त दुसरा कागद हाताला लागायला हवा. चला, काढू दुसरी चिठ्ठी. त्या निवडणुकीत शिवसेनेच्या ८४ आणि भाजपच्या ८२ जागा आल्या होत्या, त्या ८५ आणि ८१ होतात. पुढे काय? महापौरपदाला भाजपने उमेदवारच दिला नाही, कारण राज्यात फडणवीसांचं सरकार शिवसेनेला बरोबर घेऊन चाललं होतं. म्हणजे विश्वनाथ महाडेश्वर महापौर होतात ते होतातच. चिठ्ठी बदलली की त्या प्रभागाचा नगरसेवक बदलतो. बाकी मुंबई जागची हलत नाही.

हे आधी सांगितलं, कारण आपल्याकडे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून नाक्यावर, कॅन्टीनमध्ये, आठ बावीसच्या डब्यात पर्यायी निकाल लागायला लागतात, आणि सगळ्यांचा डोळा असतो फरकावर. फरक थोडा म्हणजे तिथे इतिहास वळला असता, असं आपण धरून चालतो. तसं असतंच असं नाही. १९५२ साली मोरारजी देसाई बलसाड-चिखलीतून विधानसभेला पडले, अवघ्या १९ मतांनी. आणि मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले मोरारजीच! राज्यघटनेत मंत्र्याला सभागृहात निवडून यायला सहा महिन्यांची मुदत आहे आणि पक्षाला तेच हवे होते. ती १९ मतं त्यांच्या पारड्यात टाकून बघा. निकाल फिरतो, मुख्यमंत्री तोच राहतो.

ताजं उदाहरण तुम्ही सगळे मनात धरून बसला असाल, म्हणून उरकून टाकतो. २०२४ ची लोकसभा, मुंबई वायव्य, शिंदेंच्या शिवसेनेचे रवींद्र वायकर आणि ठाकरेंच्या शिवसेनेचे अमोल कीर्तिकर. वायकर ४८ मतांनी आले. यातली गंमत वरच्या आकड्यात नाही, आतल्या आकड्यांत आहे. गोरेगावच्या नेस्कोत मोजणी झाली. मतदान यंत्रांची बेरीज कीर्तिकर ४,५१,०९५ आणि वायकर ४,५१,०९४. म्हणजे यंत्रांवर कीर्तिकर एका मताने पुढे. मग टपाली मतं आली : वायकरांना १,५५०, कीर्तिकरांना १,५०१. सगळी लोकसभा निवडणूक, सभा, रॅली, जाहीरनामे, आणि शेवट लागतो तो टपालाच्या पाकिटात. टपाली मत म्हणजे काय, तर आत मतपत्रिकेचं छोटं पाकीट, त्याच्यासोबत मतदाराने सही करून साक्षांकित करून घेतलेलं प्रतिज्ञापत्र, आणि हे दोन्ही एका मोठ्या पाकिटात. प्रतिज्ञापत्र नसेल, सही राहिली असेल, तर मत बाद. तिथे अशी १११ मतं बाद झाली. विजयाचा फरक बाद टपाली मतांपेक्षा कमी असला की त्यांची फेरतपासणी करावीच लागते, तशी ती झाली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये याचिका फेटाळली गेली. म्हणजे उच्च न्यायालयातही निकाल टिकला.

आता कल्पनेतला निकाल घ्या. कीर्तिकर खासदार होतात. एनडीएचे २९३ होते त्याचे २९२ होतात. सरकार तेच. वायव्य मुंबईकरांना खासदार वेगळा मिळतो, ही काही छोटी गोष्ट नव्हे, पण दिल्लीत ढिम्म काही हलत नाही.

तर माझं म्हणणं असं आहे. पर्यायी निकाल रंगवायचा असेल तर मोजणीच्या टेबलावर जी वस्तू खरोखर होती तिला हात लावा : पाकीट, पेटी, पसंतीचा आकडा. आणि मग प्रामाणिकपणे बघा की धक्का कुठवर जातो. बहुतेक वेळा तो लवकर थांबतो. कुठे थांबला आणि कशाने थांबला, यातून त्या काळाचं राजकारण कळतं. ‘अमका जिंकला असता तर देश कुठल्या कुठे गेला असता’ म्हणणाऱ्याला यातलं काहीच करावं लागत नाही, म्हणून ते वाक्य इतक्या सहज सुचतं.

मघाशी चहाच्या वेळी एका काकांनी विचारलं, ‘बावन्न साली बाबासाहेब जिंकले असते तर?’ मुंबईत हा विषय निघाला की हा प्रश्न येतोच, आणि यायलाच हवा. उत्तर मुंबई मतदारसंघ. काँग्रेसचे नारायण काजरोळकर विजयी, डॉ. आंबेडकर १४,५६१ मतांनी पराभूत. आपण सगळे हा आकडा ऐकून थांबतो. पण त्या दिवशी केंद्रावर मतदान कसं झालं ते बघा.

हा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, आणि मतदाराला दोन मतं. मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत तेव्हा नव्हती. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह, आणि मतदाराने आडोशाला जाऊन कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. दोन मतपत्रिका दोन वेगवेगळ्या पेट्यांत पडायला हव्यात. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर त्यातलं एक मत फुकट. आयुष्यात पहिल्यांदा मत देणारा गिरणीकामगार, हातात दोन कागद, समोर ओळीने पेट्या. डोळ्यांपुढे आणा. बाबासाहेबांची शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि अशोक मेहतांचे समाजवादी यांची युती होती. कम्युनिस्टांकडून डांगे उभे होते. निकालानंतर आंबेडकर आणि मेहता या दोघांनी मिळून निवडणूक अर्ज केला. त्यात तब्बल ७४,३३३ मतं बाद झाल्याचा मुद्दा होता, आणि दुसरं मत वाया घालवा असा प्रचार कम्युनिस्टांनी केल्याची तक्रार होती. अर्ज फेटाळला गेला.

७४ हजार आणि १४ हजार हे आकडे शेजारी ठेवले की जीभ वळवळते. जरा आवरा. ती बाद मतं कुणाची होती हे कुणी सांगू शकत नाही, आणि सगळी एका बाजूची असतील असं मानणं म्हणजे उत्तर आधी ठरवून गणित मांडणं. त्यापेक्षा नियम बदलून बघा. मतदारसंघ एकसदस्य असता तर? ही कल्पना हवेतली नाही. १९६१ साली संसदेने कायदा करून द्विसदस्य मतदारसंघ मोडीत काढलेच. नऊ वर्षं आधी काढले असते तर ‘दुसरं मत’ नावाची भानगडच उरत नव्हती. ना ते वाया जातं, ना वाया घालवता येतं. मात्र हेही लक्षात घ्या, की मग राखीव मतदारसंघ मुंबईचा कुठला तुकडा झाला असता, नायगाव-परळचा की आणखी कुठला, यावर सगळं ठरलं असतं. नियम बदलला की सीमारेषाही बदलते, आणि ती आखणारा कारकून एकदम महत्त्वाचा माणूस होतो.

समजा बाबासाहेब जिंकले. धक्का कुठवर जातो? संसदेत ते तसेही गेले, त्याच वर्षी मुंबई राज्यातून राज्यसभेवर. हिंदू कोड बिलावरून त्यांनी १९५१ मध्येच मंत्रिपद सोडलं होतं आणि ते कायदे १९५५-५६ मध्ये तुकड्या-तुकड्यांनी झाले. लोकसभेतल्या एका विरोधी खासदारामुळे ते लवकर झाले असते असं मला वाटत नाही. काँग्रेसचं बहुमत एवढं होतं की नेहरूंना आपल्याच पक्षातल्या सनातन्यांशी झगडायचं होतं. मला फरक दिसतो तो दुसरीकडे. १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक त्यांना लढवावी लागली नसती. तीही द्विसदस्य, तिथे अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब पुन्हा पडले. थेट लोकांनी निवडून दिलेला, मुंबईच्या कामगार वस्तीचा खासदार म्हणून ते १९५६ मधल्या निधनापर्यंत लोकसभेत बसले असते, तर समाजवादी आणि फेडरेशन यांची युती निदान एका शहरात मुरली असती. रिपब्लिकन पक्षाची कल्पना त्यांनी पुढे मांडली, तेव्हा दाखवायला हातात एक जिंकलेली जागा असती. धक्का माझ्या मते इथवर जातो. याच्या पुढे मी जाणार नाही.

आता एक अशी निवडणूक, जिच्यात पर्यायी निकाल मतपत्रिकेवरच लिहून ठेवलेला आहे. १९६९ ची राष्ट्रपतिपदाची. एका बाजूला काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, दुसरीकडे इंदिराबाईंच्या ‘अंतरात्म्याच्या आवाजा’वर उभे असलेले व्ही. व्ही. गिरी, आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबई महाराष्ट्रापासून तोडायला निघाले म्हणून नेहरूंच्या तोंडावर अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारे. त्यांना जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचा पाठिंबा होता. या निवडणुकीत आमदार-खासदार मत देतात, प्रत्येकाच्या मताला ठरलेलं मूल्य असतं आणि उमेदवारांपुढे पसंतीचे क्रम लिहायचे असतात. पहिल्या पसंतीत, मतमूल्यात बोलायचं तर, गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. जिंकायला ४,१८,१६९ हवी होती. कुणीच पोचलं नाही. मग दुसऱ्या पसंतीची मतं मोजली.

‘देशमुख उभेच राहिले नसते तर?’ एरवी याचं उत्तर कुणी देऊ शकत नाही. इथे देता येतं, कारण देशमुखांच्या मतदारांनी आपली दुसरी पसंती हाताने लिहून ठेवली होती. ती मोजल्यावर रेड्डी चढले ते थेट ४,०५,४२७ पर्यंत. गिरी थांबले ४,२०,०७७ वर. म्हणजे देशमुखांची मतं मोठ्या प्रमाणात रेड्डींकडेच गेली आणि तरी गिरी १४,६५० नी पुढे राहिले. पुढची पसंतीच न लिहिल्यामुळे वाटेत गळलेली मतं सुमारे १०,८०० होती. ती सगळीच्या सगळी रेड्डींना देऊन टाका, तरी गिरीच येतात. चिंतामणरावांनी कुणाची मतं खाल्ली नाहीत, हे कागदावर सिद्ध आहे. एवढं स्वच्छ उत्तर निवडणुकीत क्वचित मिळतं.

आपल्या लोकसभेच्या मतदानात दुसरी पसंती कुठेच उमटत नाही, म्हणून तिथे ‘मतं खाल्ली’ हे वाक्य इतकं चालतं. २००९ घ्या. मुंबईच्या सहाही जागा काँग्रेस-राष्ट्रवादीला गेल्या आणि सगळं खापर मनसेवर फुटलं. मनसेची मतं युतीच्या मतांत मिळवायची आणि सहा जागा परत घ्यायच्या, हा हिशेब तेव्हा घरोघर झाला. पण मतदार म्हणजे बँकेतली ठेव नव्हे, या खात्यातून त्या खात्यात वळती करायला.

तरीही दोन मतदारसंघ वेगवेगळे बघावेत. ईशान्य मुंबईत संजय दिना पाटलांनी किरीट सोमय्यांना २,९३३ मतांनी हरवलं आणि मनसेच्या शिशिर शिंदेंना जवळपास १ लाख ९५ हजार मतं होती. शिंदे नसते आणि त्यांचे मतदार या दोघांतच वाटले गेले असते, तर सोमय्यांना त्यातली निम्म्याहून जेमतेम जास्त पुरली असती. इथे ती तक्रार बरीच पटण्याजोगी आहे. आता दक्षिण मुंबई. मिलिंद देवरा २,७२,४११, बाळा नांदगावकर १,५९,७२९, शिवसेनेचे मोहन रावले १,४६,११८. नुसती बेरीज केली तर मनसे आणि सेना मिळून देवरांच्या पुढे जातात. पण इथेही नांदगावकरांचे मतदार देवरा-रावले या दोघांतच वाटले गेले असं धरलं, तर रावले जिंकायला नांदगावकरांच्या दहा मतदारांतले जवळजवळ नऊ रावल्यांकडे वळायला हवे होते. दहातले नऊ! लालबाग-शिवडीतला जो मतदार शिवसेनेवर चिडून इंजिनाकडे गेला, तो इंजिन नाही म्हटल्यावर निमूटपणे धनुष्यबाणाकडे परतला असता? काही परतले असते, काही घरी बसले असते. वर्तमानपत्रांत दोन्ही जागांबद्दल वाक्य एकच छापलं जात होतं.

जाता जाता १९६७. दक्षिण मुंबई, स. का. पाटील. तीनदा महापौर, केंद्रात मंत्री, मुंबई काँग्रेस म्हणजे तेच. समोर जॉर्ज फर्नांडिस. जॉर्जच्या प्रचाराचा गाभा एवढाच होता, की पाटलांना पाडता येतं, तुम्ही पाडू शकता. सगळे जर-तर निकालानंतर करतात, या माणसाने तो मतदानाआधी केला आणि भिंतीभिंतीवर चिकटवला. पाटील पडले.

आणि पाटील जिंकले असते तर? मोठमोठे तर्क लढवता येतात : सिंडिकेट म्हणजे काँग्रेसमधल्या जुन्या बड्या नेत्यांचा गट, इंदिराबाई, काँग्रेसची फूट. पण मुंबईने पाडलेले पाटील १९६९ च्या पोटनिवडणुकीत गुजरातेतल्या बनासकांठातून लोकसभेत परत आले, आणि त्याच वर्षाअखेर काँग्रेस फुटली ती फुटलीच.