घोड्यावर कोणी होतं का?

मंडळी, नमस्कार. जेवणाआधीचं भाषण लांबलेलं कोणालाच आवडत नाही, म्हणून थेट विषयाला हात घालतो.

आपल्यातली बरीच अटलांटाकर मंडळी सुटीच्या सकाळी केनेसॉ डोंगरावर असतात. तिथल्या तोफांजवळ आपण पोरांचे फोटो काढतो. अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात, १८६४च्या जूनमध्ये, याच डोंगरापाशी उत्तरेच्या फौजेतल्या एका लेफ्टनंटच्या डोक्याला गोळी लागली. नाव अँब्रोज बिअर्स. २२ वर्षं पुरी व्हायला एक दिवस बाकी होता. गडी वाचला, पुढे सॅन फ्रान्सिस्कोत पत्रकार झाला, आणि युद्धाला पंचवीसेक वर्षं उलटल्यावर त्याने यादवीच्या कथा लिहिल्या. त्यांतल्या दोन मला अजून सोडत नाहीत.

पहिली ‘अ हॉर्समन इन द स्काय’, १८८९ची. कार्टर ड्रूझ हा व्हर्जिनियाचा, चांगल्या घरचा एकुलता एक मुलगा. व्हर्जिनिया दक्षिणेकडे, आणि हा निघाला उत्तरेच्या फौजेत. आई अंथरुणाला खिळलेली. बाप आरडाओरडा करत नाही. तू व्हर्जिनियाशी फितूर झालास असं तोंडावर म्हणतो, पण काहीही झालं तरी तुला जे कर्तव्य वाटेल ते कर, असंही बजावतो. पुढे पोरगा पहाऱ्यावर असताना समोरच्या कड्यावर शत्रूचा घोडेस्वार उभा दिसतो. खालच्या दरीत उत्तरेच्या पाच पलटणी लपल्यात. स्वार परत गेला तर सगळं संपलं. बापाचे शब्द आठवतात, आणि ड्रूझ नेम धरतो तो घोड्यावर.

नंतर सार्जंट सरपटत येऊन विचारतो, कशावर झाडलीस? ड्रूझ सांगतो, घोड्यावर. कड्यावर उभा होता, आता नाही. घोड्यावर कोणी होतं का? होतं. कोण? माझे वडील.

महाभारत आठवतंच आपल्याला. पण इथे गीता सांगणारा आणि समोर नेमात उभा असलेला, दोघे एकच आहेत. शेवटच्या धक्क्याला काही जण क्लृप्ती म्हणतात. बिअर्सच्या काही कथांत ती आहेही. इथे मला पटत नाही. त्या पोराने आधी घोड्याचं उत्तर दिलं, बापाचं नाही. पुढचे दोन शब्द हुकूम झाल्याशिवाय त्याच्या तोंडून निघत नाहीत. या युद्धातल्या मृतांचा आकडा पूर्वी सहा लाख वीस हजार धरत, अलीकडे साडेसात लाखांपर्यंत नेतात. त्या आकड्यात ड्रूझ कुठेच नाही, तो जिवंत आहे.

दुसरी ‘चिकमॉगा’. हे रणांगण इथून गाडीने दोन तासांवर, १८६३च्या सप्टेंबरमधलं. सहा वर्षांचा मुलगा लाकडी तलवार घेऊन रानात खेळतो, दमून झोपतो. उठतो तेव्हा जखमी सैनिक ओढ्याकडे रांगत निघालेले. त्याला वाटतं, खेळ चाललाय. एकाच्या पाठीवर तो घोडा-घोडा म्हणून चढतो. तो माणूस त्याला झटकून टाकतो आणि वळून बघतो; त्याला खालचा जबडाच नाही.

लेखक जाता जाता सांगतो, घरी बापाचे काळे गुलाम या पोराच्या करमणुकीसाठी असेच रांगायचे आणि हा त्यांच्या पाठीवर बसायचा. बस, एवढंच. गुलामगिरीवर बिअर्स या कथेत एरवी फारसा थांबत नाही, आणि ती मला त्याची उणीव वाटते. पण ज्या कारणाने हे युद्ध पेटलं ते या एका वाक्यात, पोराच्या खेळात सापडतं. पुढे तो तलवार उगारून त्या माणसांच्या पुढे चालतो आणि समोर जळताना दिसतं ते त्याचंच घर. अंगणात आई पडलेली. तोफा गडगडत असताना तो झोपला कसा, हेही तेव्हा कळतं. पोर मुकं-बहिरं आहे.

जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी केलेल्या स्वार्थत्यागाबद्दल. पुण्यात बसून त्यांनी हे युद्ध कशासाठी झालं ते नेमकं हेरलं होतं. ती अर्पणपत्रिका वाचून मग या कथा वाचाव्यात.

कथांचे हक्क केव्हाच संपलेत, नेटवर फुकट मिळतात. पुढच्या महिन्याच्या वाचनगटात ‘चिकमॉगा’ घ्यावी अशी माझी सूचना आहे. इंग्रजीतच वाचू, अर्ध्या तासात होते. लहान मुलांना मात्र त्या दिवशी घरीच ठेवा.