पडवी केवढी हवी?

नमस्कार श्रोतेहो. मे महिना चालू आहे, गावोगाव बांधकामांची घाई आहे, आणि या आठवड्यात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला: घरापुढे पडवी काढतोय, केवढी काढू?

मी उलट विचारतो, तिथे करणार काय? एकट्याने खुर्ची टाकून पाऊस बघायचा असेल तर पाच फूट रुंदी पुष्कळ झाली. पण खुर्ची आणि पसरलेले पाय मिळून चार फूट जातात, पुढून चहा घेऊन जाणाऱ्याला तीन फूट लागतात. झाले सात. झोपाळा असेल तर हिशेबच वेगळा. म्हणून आधी काय करणार ते ठरवा, मग फूट मोजा. पुन्हा सांगतो, आधी काय करणार ते.

हे शहाणपण माझं नाही, आत्याचं. संगमेश्वराकडच्या आमच्या घराच्या पडवीचे वासे वाळवीने खाल्ले, तेव्हा गवंड्याने विचारलं, "किती धरू?" मी म्हटलं, सहा फूट. सहाच का? कागदावर बरं दिसत होतं म्हणून. आत्या बाजूला आठळ्या सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "कागदावर कोण बसणार आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उठतो तो खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, चुन्याच्या फक्कीने सहा बाय वीसचा चौकोन आखलेला. आत चार खुर्च्या, आणि झोपाळ्याची फळी दोन स्टुलांवर. "आजचा दिवस सगळ्यांनी इथेच बसायचं," आत्याचा हुकूम. बसलो. आत्या स्वतः चहाचा ट्रे घेऊन आली. दादाने पाय आखडले, वहिनी उठून उभी राहिली, तिसऱ्या खुर्चीपाशी आत्याचा पाय रेघेवर पडला. ती थांबली आणि म्हणाली, "मी आत्ता पायरीवरून खाली गेले. चहासकट." (चहा म्हणजे पेलाभर. हल्ली अंगठ्याएवढ्या कपातून देतात त्याला मी चहा म्हणत नाही.) फक्की पुसली, रेघ आठ फुटांवर गेली.

मग झोपाळा. दोन भाच्यांनी फळी हातात धरून झोका करून दाखवला, तीन फूट पुढे, तीन फूट मागे. मागे गेली की भिंत, पुढे आली की दादाचे गुडघे. आत्याने फळी काटकोनात फिरवायला लावली. झोका पडवीच्या लांबीत जायला लागला आणि आठ फुटांत सगळं बसलं. लक्षात ठेवा, झोका पडवीच्या लांबीत जाऊ द्या, रुंदीत नको.

आणि आता खरी गंमत. शेजारचे काका गडग्यावरून डोकावले. "काय वो, घर सोडून खळ्यात काय बसलाव? बरं आहे ना सगळं?" म्हणत आत आले, आणि चुन्याच्या रेघेपाशी थांबून त्यांनी चपला काढल्या! उघड्या खळ्यात, रेघेबाहेर! आम्ही हसून लोळतोय आणि आत्या एकटी गंभीर. "हसताय काय? पावसात हा चपला कुठे काढणार? छत्री कुठे ठेवणार?" खरंच, कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पायरीशेजारचा तीन फुटांचा कोपरा तिथल्या तिथे आखला. आज तिथे छत्र्यांच्या खुंट्या आहेत.

मग दहा फूटच का नको, असं कुणी म्हणेल. अडतं छपराला. कौलाचा उतार साधारण दोन फुटांना एक फूट. भिंतीशी छप्पर अकरा फुटांवर असेल तर आठ फूट पडवीच्या खांबाशी सात फूट उंची राहते. दहा केलीत तर सहाच, आणि उंच पाहुण्याच्या कपाळाला टेंगूळ. शिवाय खांबाच्या बाहेर दोन फूट पुढे आलेलं छपराचं पाखं हवंच, नाहीतर पश्चिमेची झड थेट झोपाळ्यावर. उतार कमी करून पत्रा घाला म्हणतील, घालू नका. आषाढात पत्र्याखाली नवराबायकोला भांडायचं तरी ऐकू येतं का?

अरे, वेळ होत आली वाटतं. जमिनीचं राहिलंच. पडवी ओटीपेक्षा एक पायरी खाली, आणि आठ फुटांत बाहेरच्या बाजूला एक इंच उतार. चकचकीत फरशी नको, ओल्या पायाने आपटाल. कोबा करा, नाहीतर खरखरीत फरशी.

आणि फक्कीचा डबा आत्याने अजून जपून ठेवलाय, कुणाला हवा असेल तर. नमस्कार.