मुरगाव बंदर आणि पोर्तुगालची तटस्थता

श्रोतेहो, नमस्कार. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता, असे इतिहासाची पुस्तके सांगतात, आणि पोर्तुगालच्या ताब्यातला गोवाही ओघानेच तटस्थ ठरतो. या तटस्थतेत खरेपणा किती होता, हे तपासायला लिस्बनपर्यंत जाण्याची गरज नाही. मुरगाव बंदरापासून सुरुवात करता येते.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले, तेव्हा एहरेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि ड्राखेनफेल्स ही तीन जर्मन मालवाहू जहाजे ब्रिटिश आरमाराच्या हाती लागू नये म्हणून मुरगावच्या आश्रयाला आली. पुढे आन्फोरा हे इटालियन जहाजही तेथेच अडकून पडले. व्यापारी जहाजांना असा आसरा देणे कायद्याला धरूनच होते. मात्र १९०७ च्या हेग कराराने तटस्थ बंदरांवर एक बंधनही घातले होते: युद्धखोर देशाने अशा बंदराचा लष्करी तळासारखा उपयोग करू नये आणि तेथे बिनतारी संदेशयंत्रणा उभारू नये. एहरेनफेल्सवरच्या छुप्या बिनतारी प्रक्षेपकातून दोस्त राष्ट्रांच्या जहाजांची खबर जर्मन पाणबुड्यांना पोचते, असा ब्रिटिशांचा आरोप होता. तो कितपत खरा, याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही.

९ मार्च १९४३ च्या रात्री ब्रिटिशांनी या आरोपाचा निकाल स्वतःच लावला. कलकत्त्याहून निघालेली, गाळ वाहून नेणारी फीबी नावाची एक जुनाट बार्ज, आणि तिच्यावर कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतले, कचेऱ्यांत आणि व्यापारी पेढ्यांत काम करणारे, बहुतेक वयस्क साहेब! त्यांनी अंधारात एहरेनफेल्स गाठले. चकमकीत जहाजाचा कप्तान मारला गेला आणि खलाशांनी जहाज शत्रूला मिळू नये म्हणून स्वतःच ते बुडवले. उरलेल्या तीन जहाजांनाही त्यांच्याच खलाशांनी आगी लावल्या. तटस्थ देशाच्या हद्दीत घुसून केलेला हा सरळसरळ हल्ला होता, तरीही लंडन आणि लिस्बन यांचे संबंध त्याने बिघडले नाहीत, आणि ब्रिटिशांनी ही हकिकत पुढे कित्येक वर्षे उजेडात येऊ दिली नाही.

कारण उघड आहे. अवघ्या पाच महिन्यांनी, ऑगस्ट १९४३ मध्ये, पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांनी अटलांटिकमधल्या अझोर बेटांवर ब्रिटनला तळ देण्याचा करार केला. ऑक्टोबरमध्ये चर्चिल यांनी पार्लमेंटात हे जाहीर करताना इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यातल्या १३७३ सालच्या मैत्रीच्या तहाचा दाखला दिला. जर्मन पाणबुड्यांची शिकार करणारी विमाने तटस्थ देशाच्या भूमीवरून उडू लागली. याला तटस्थता म्हणायचे, तर शब्दांना अर्थच उरत नाही.

पण सालाझार आधीपासून दोस्तांच्याच बाजूचे होते, असेही म्हणता येत नाही. पोलाद कठीण करायला आणि चिलखतभेदी गोळ्यांना लागणारा वुल्फ्राम, म्हणजे टंगस्टनचा खनिज, पोर्तुगालमध्ये भरपूर सापडे. जून १९४१ मध्ये रशियावर चाल करून गेल्यावर जर्मनीचा आशियाकडचा पुरवठा तुटला, आणि तिची सारी भिस्त स्पेन व पोर्तुगालवर आली. पोर्तुगालने दोन्ही पक्षांना माल विकला, भाव आकाशाला भिडले आणि जर्मन सोने लिस्बनला येत राहिले. ही विक्री पूर्ण बंद झाली ती जून १९४४ मध्ये, म्हणजे दोस्त नॉर्मंडीत उतरले त्याच सुमारास. योगायोग म्हणावा, तर फारच सोयीचा! आग्नेय आशियातल्या तिमोर बेटाचा पूर्व भाग पोर्तुगालच्या ताब्यात होता; तेथेही हेच दिसते. डिसेंबर १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियन आणि डच सैन्य तेथे उतरले, तेव्हा सालाझार यांनी कडक निषेध केला. दोनच महिन्यांनी जपानने ते बेट व्यापले, तरी चीनच्या किनाऱ्यावरच्या मकाव या आपल्या वसाहतीच्या चिंतेने त्यांनी जपानशी संबंध तोडले नाहीत.

माझ्या मते ही तटस्थता दोन पक्षांपासून समान अंतर राखणारी नव्हती. ज्या ठिकाणी ज्याचा हात पोचत होता, त्याला न दुखावण्याची ती हिशेबी खटपट होती. तिचे फायदेही झाले. ऑक्टोबर १९४३ मध्ये ग्रिप्सहोल्म आणि तेइया मारू ही जहाजे मुरगावला लागली आणि जपानी व अमेरिकी नागरिकांची अदलाबदल तेथे पार पडली. लढणाऱ्या देशांना असे बंदर दुसरीकडे सहजी मिळाले नसते.

गोमंतकीयांना मात्र या धोरणाविषयी कुणी विचारले नाही. गोव्याचे तांदूळ ब्रिटिश हिंदुस्थानातून यायचे आणि कित्येक घरांची चूल मुंबईच्या मनीऑर्डरीवर पेटायची. हजारो गोवेकर तारवटी, म्हणजे खलाशी, ब्रिटिश आगबोटींवर नोकरीला होते, आणि जर्मन पाणबुड्यांचा पाणतीर लागला की पोर्तुगालचे प्रजाजन असलेले हे लोकही बोटीबरोबर बुडत होते.

सालाझार यांच्या हिशेबाचा लाभ मात्र लिस्बनच्या पदरात पडला. हुकूमशाही असूनही १९४९ मध्ये पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य झाला. पुढे डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरण्याच्या बेतात असताना सालाझार यांनी ब्रिटनला त्याच जुन्या मैत्रीची आठवण करून दिली, तेव्हा ब्रिटनने लष्करी मदत द्यायला नकार दिला.