जलसंजीवनीत साखर कशासाठी?

(दृश्य : पाण्याच्या भांड्यात पुडी रिकामी होते आहे.)

जुलाब सुरू झाले की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘त्याला मीठ-साखर-पाणी द्या.’ हीच जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस. मीठ कशाला, ते सगळ्यांना पटतं. शरीरातून क्षार निघून गेलेले असतात. आणि साखर? उत्तर ठरलेलं : ‘अंगात ताकद यावी म्हणून.’

थोडी येतही असेल. पण साखरेला तिथं वेगळ्याच कामावर लावलेलं असतं. ते काम बघायचं तर आतड्यातल्या एका पेशीपर्यंत जायला हवं.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकातून लहान आतड्याचं अस्तर.)

ही लहान आतड्याच्या अस्तरातली पेशी. एका अंगाला आतड्याची पोकळी, म्हणजे आपण खाल्लेलं-प्यायलेलं सगळं. दुसऱ्या अंगाला रक्तवाहिन्या. पेशीभोवतीचं प्रद्रव्यपटल मेदाच्या दोन थरांचं असतं, जाडी साधारण 5 नॅनोमीटर. शाळेत आपण याला ‘निवडक्षम पारपटल’ म्हणायचो आणि दोन गुण मिळवून पुढे जायचो.

ही निवड चालते कशी? ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड मेदातून सहज पार होतात. मिठातल्या सोडियमच्या आयनावर विद्युतभार असतो, त्याला मेद आत येऊ देत नाही. ग्लुकोजलाही, म्हणजे साखर पचून सुटणाऱ्या घटकालाही, मेद अडवतो. अशांसाठी पटलात प्रथिनांचे दरवाजे बसवलेले असतात, आणि कोणता दरवाजा कोणासाठी हे ठरलेलं असतं.

रक्ताकडच्या बाजूला एक पंप अखंड चालू असतो. एका फेरीत तो सोडियमचे 3 आयन बाहेर टाकतो, पोटॅशियमचे 2 आत घेतो. दर फेरीला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्ची पडतो. हा एटीपी पुरवायचा मुख्य भार तंतुकणिकांवर, पेशीतल्या वीजघरांवर. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांना 1957 साली खेकड्याच्या चेतातंतूंमध्ये हा पंप सापडला. नोबेल मिळालं ते थेट 1997 मध्ये.

पंप असा उपसा करत राहतो, म्हणून पेशीत सोडियम कायम कमी. बाहेरचं सोडियम आत शिरायला टपलेलं असतं. पोकळीकडच्या बाजूला त्यासाठी एक प्रथिन आहे, पण त्याची अट आहे : सोडियमचे 2 आयन आणि ग्लुकोजचा 1 रेणू, जोडीनंच या. अशी जोडीनं वाहतूक होत असावी, हे रॉबर्ट क्रेन यांनी 1960 साली प्राग इथं मांडलं. सोडियम आणि ग्लुकोज आत गेले, पुढे रक्ताकडे सरकले, की पाणी त्यांच्या मागोमाग जातं. हेच परासरण.

आता कॉलरा.

(दृश्य : जुनं कोलकाता.)

1959 साली कोलकात्यात डॉ. शंभूनाथ डे यांनी कॉलऱ्याचे जंतू वाढवलेलं द्रव गाळून घेतलं. जंतू सगळे बाजूला काढले. उरलेलं द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या भागात सोडलं, तर तो भाग पाण्यानं टम्म फुगला. म्हणजे जंतू नसतानाही काम होतंय. करणारं आहे ते जंतूंनी सोडलेलं विष. एवढा मोठा शोध, पण देशातल्या एकाही विज्ञान अकादमीला डे हयात असताना त्यांना फेलो करावंसं वाटलं नाही!

हे विष पेशीत शिरतं कसं, तो भाग तर थक्क करणारा आहे. पेशीतली प्रथिनं आंतर्द्रव्यजालिकेवर तयार होतात, गॉल्गी पिंडात त्यांची वर्गवारी होते, मग ती पटलाकडे रवाना होतात. विष याच वाटेनं जातं, पण उलटं. पटलावरच्या एका मेदरेणूला चिकटतं, पटलाच्या छोट्या पिशवीत, पुटिकेत, बसून आत येतं, गॉल्गी पिंडामार्गे आंतर्द्रव्यजालिकेत पोचतं. बिघडलेली प्रथिनं पेशीद्रव्यात हाकलून नष्ट करायची सोय तिथं असते. विषाचा एक तुकडा त्या बिघडलेल्यांच्या रांगेत घुसतो, बाहेर पडतो आणि नष्ट व्हायचं मात्र चुकवतो.

मग तो एक विकर (एन्झाइम) कायमचं चालू करून ठेवतो. क्लोराइडचा दरवाजा सताड उघडतो. क्लोराइड आतड्यात, त्यामागे सोडियम, त्यामागे पाणी. गंभीर रुग्णाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात. डोळे खोल जातात, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहते.

पण सोडियम-ग्लुकोजच्या जोडीच्या दरवाजाला हे विष हात लावत नाही. सगळी मेख इथं आहे. नुसतं मिठाचं पाणी पाजलं तर फारसं आत जाणार नाही. त्यात ग्लुकोज घाला, जाईल.

1968 मध्ये ढाक्यात रुग्णांवर हे दिसून आलं. तरी डॉक्टरमंडळींचा भरवसा सलाईनवरच होता. 1971 साल उजाडलं. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे सीमेलगतच्या बनगावला आले, मागोमाग कॉलरा आला. रुग्णालयात खाटा पुरेनात, माणसं जमिनीवर पडलेली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मग पुड्या बांधून घेतल्या : लिटरभर पाण्याला 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ, 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा. पिंपात द्रावण कालवलं आणि पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण आधी 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 3.6 टक्क्यांवर आलं. 2023 साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

(दृश्य : पुडीवरचा मजकूर जवळून.)

आजच्या पुडीत लिटरमागे 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असतं, जोडीला पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. जोडी जमायची तर प्रमाण जमायला हवं. साखर जास्त झाली की परासरण उलटतं, पाणी उलट आतड्यात ओढलं जातं. म्हणून जुलाबात कोल्ड्रिंक पाजू नये. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

आणखी एक. जलसंजीवनीनं जुलाब थांबत नाहीत. ‘दोन ग्लास पाजले, काही फरक नाही,’ म्हणून ती बंद करणारे पुष्कळ. क्लोराइडचा दरवाजा ती बंद करतच नाही. विष भिनलेली पेशीच तीन ते पाच दिवसांत झडते, तिच्या जागी नवी येते. तोवर जेवढं जाईल तेवढं घोटाघोटानं भरून काढत राहायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. लहान मुलांना सोबत झिंक. आणि रुग्ण गुंगीत गेला, पाणी पिईनासा झाला किंवा लघवी बंद झाली, तर मात्र घरी न थांबता दवाखाना गाठायचा. तिथं सलाईनच लागतं.